पन्नास फुटांची नोटीस

आप्पांना 'जवळ' आणि 'लांब' हे दोन शब्द सहन होत नसत. एकदा एक शेतकरी आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, माझं रान हितनं जवळच हाय." आप्पा खुर्चीतून उठले. "जवळ म्हंजे किती फूट?" तो बिचारा गोंधळला. "आसंल की. दोन बिड्या वढून हुत्यात तवर येतंय." आप्पा शांतपणे म्हणाले, "कोनाच्या बिड्या? तुमच्या का माझ्या?" आप्पा आयुष्यात कधी बिडी ओढलेले नव्हते.

ते पारनेरला आमच्या मोजणी कार्यालयात मोजणीदार होते. शेताच्या हद्दी मोजायच्या, कुणाचा बांध कुठून जातो ते खुणा घालून दाखवायचं आणि दोन्ही बाजूंची बोलणी खाऊन संध्याकाळच्या एसटीने परत यायचं, असं ते काम. मी तिथे लिपिक म्हणून लागले तेव्हा त्यांच्या डोक्यावर निम्मे केस पांढरे होते आणि मिशी मात्र काळीभोर होती. उंच, वाळलेला माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत छत्री. पारनेर तालुक्यात पाऊस किती पडतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या छत्रीचा उपयोग मुख्यतः लांबची वस्तू दाखवायला व्हायचा. 'लांबची' म्हटलेलं आप्पांना खपलं नसतं, पण लिहिताना मला एवढी सूट घेऊ द्या.

त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. अंदाजे नव्हे, अडीचच. दर सोमवारी सकाळी कार्यालयाच्या बाहेरच्या व्हरांड्यात ते टेप पसरून त्याच्या बाजूने चालत आणि सोळा पावलांत चाळीस फूट झाले की समाधानाने टेप गुंडाळत. एखाद्या सोमवारी अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असे. "रविवारी लई जेवलो," असं कारण ते स्वतःच देत. चालताना ओठांतल्या ओठांत आकडे चालू असत. मध्येच कुणी 'काय आप्पा, कुठे निघालात?' म्हटलं, की ते थांबत, मागे वळून सुरुवातीच्या जागी जात आणि पहिल्यापासून चालायला लागत. त्यामुळे एसटी स्टँडवरून कार्यालयात यायला त्यांना कधी दहा मिनिटं लागत, कधी पाऊण तास.

कार्यालयात उपग्रहावरून मोजणारं नवं यंत्र आलं होतं. आप्पांचा त्याच्याशी काही वाद नव्हता. ते यंत्र चालवायलाही शिकले होते आणि चांगलं चालवत. मात्र यंत्राने आकडा दिला की ते ती हद्द एकदा पायांनी चालून बघत. "यंत्राला बांध कळतो," ते म्हणत, "पन बांधावरचा मानूस कळत न्हाई."

मोजणीला गेल्यावर ते कुणाच्याही घरचं पाणी पीत नसत. चहा तर सोडाच. एकाचा घेतला तर दुसरा म्हणणार, साहेब फिरले. दुपारी ते बरोबर वादातल्या बांधावर बसून स्वतःची भाकरी खात. एकदा मीही कागदपत्रं घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. दोन सख्खे चुलतभाऊ, बांध एक हात इकडे की तिकडे एवढ्यावरून चार वर्षं बोलत नव्हते. आप्पांनी टेपचं एक टोक एकाच्या हातात दिलं, दुसरं दुसऱ्याच्या. म्हणाले, "ताठ धरा. एकानं ढिलं सोडलं तर दोघांचंबी चुकंल." तासभर ते दोघे एकमेकांकडे बघत टेप ताणत उभे राहिले. शेवटी मोठा म्हणाला, "आरं, जरा खाली घे की." चार वर्षांतलं ते पहिलं वाक्य होतं. पुढे त्यांची दिलजमाई झाली का, मला माहीत नाही. त्या दिवशी बांध मात्र ठरला.

आता माझ्या लेन्सकडे येते, कारण आप्पा मला खरे कळले ते तिच्यामुळे.

मी एक वापरलेला, शिकाऊ लोकांसाठी असतो तसला कॅमेरा घेतला होता. त्याच्यासोबत आलेली छोटी लेन्स होती, अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची. हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. तिने समोर बसलेल्या माणसाचा फोटो छान यायचा. माझी अडचण अशी होती की मला ज्या माणसाचा फोटो हवा होता, ते माणूस समोर बसायलाच तयार नव्हतं.

ते माणूस म्हणजे माझी आई. तीन वर्षांपूर्वी तिच्या तोंडावरून वारं गेलं. औषधपाण्याने पुष्कळसं सुधारलं, बोलणं नीट झालं, डोळा मिटायला लागला. पण तोंडाची डावी बाजू किंचित खाली ओढलेली राहिली. हसली की ते जास्त दिसतं. तेव्हापासून तिने पदराचं टोक तोंडाशी धरायची सवय लावून घेतली आणि फोटो म्हटलं की ती घरात निघून जायची. एरवी माझी आई हसरी बाई. तिच्या हसण्याने शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकायचं, असं आमचे नाना, म्हणजे माझे वडील, सांगतात. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात करायचं ठरलं आणि आईने तेव्हाच सांगून टाकलं, "अक्षता टाकीन. जेवनाचं बघीन. फोटूत मला वढू नका. पोरीच्या सासरची लोकं जनमभर ते तोंड बघत बसतील." धाकटी त्या रात्री खूप रडली. आईशिवाय लग्नाचा फोटो कसला?

मला वाटलं, आईला ती हसते तेव्हा कशी दिसते तेच ठाऊक नाही. आरशात कुणी हसत नसतं. तिचा हसतानाचा एक फोटो मिळाला, तिला दाखवता आला, तर ती लग्नात उभी राहील. त्यासाठी हवी होती दुरून काढणारी झूम लेन्स. पण कुठली? अडीचशेपर्यंतची, तीनशेपर्यंतची, की त्याहून मोठी? मी आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. प्रत्येक जण वेगळं सांगत होता आणि प्रत्येकाचा आवाज आत्मविश्वासाने भरलेला होता. शेवटी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडता उघडता आप्पांना विचारलं, "आप्पा, लांबचा फोटो काढायला..."

"किती फूट?"

"तेच तर माहीत नाही."

"मग इचारतीस कशाला? आधी अंतर. मग लेन्स." त्यांनी भाकरी खाली ठेवली. ते कामाला लागले की समोरच्या माणसाचं नाव विसरून त्याला अर्जदार म्हणत. "अर्जदार, काम काय हाय ते सांगा."

मी आईचं सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "मानूस किती फुटांवर गेलं की आपल्याला इसरतं, ते मोजून आन. प्रत्येकाचं येगळं असतं. माझ्या बायकोचं सहा फूट हाय. माझ्या मेव्हन्याचं एक फर्लांग."

आमच्या घरासमोर कांदे साठवायची जाळीदार चाळ आहे आणि चाळीपुढे कडुलिंबाचं झाड. त्या दिवसांत आई आणि वस्तीवरच्या बाया सकाळी लिंबाखाली बसून कांदा निवडत. मी झाडापासून दर दहा फुटांवर एकेक दगड ठेवला आणि चार दिवस रोज सकाळी कामावर जायच्या आधी कॅमेरा गळ्यात घालून, चाळीचे फोटो काढतेय असं दाखवत, एकेका दगडाशी उभी राहिले. दहा फुटांवर आई उठून घरात गेली. वीसवर पाठ करून बसली. तीसवर बसली, पण आधार कार्डावर असतो तसला चेहरा करून. चाळीसवर दर दोन मिनिटांनी मान वर करून बघत होती. पन्नासवर ती मला विसरली. शेजारच्या काकूने कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगितली आणि आई मांडीवर थाप मारून अशी हसली, की हातातला कांदा घरंगळत माझ्यापर्यंत आला असता.

"पन्नास," मी आप्पांना सांगितलं.

त्यांनी एका जुन्या नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्रैराशिक मांडलं. पन्नास फुटांवर बसलेली बाई, डोक्यावर थोडी मोकळी जागा, कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्याची लांबी. "अडीचशे पुरंल," ते म्हणाले. "तीनशे घेतलीस तर काय, आईचं कपाळ मोठं येईल."

पुढच्या शनिवारी ते माझ्याबरोबर नगरला आले. बोलावलं नव्हतं, स्वतःच निघाले. माळीवाड्याकडच्या एका दुकानात चष्मा कपाळावर चढवलेले एक पोक्त गृहस्थ होते. त्यांनी काचेवर तीन लेन्स मांडल्या. एक भली थोरली, पांढरी. आप्पांनी तिच्याकडे उखळीकडे बघावं तसं बघितलं. "ही कशाला?"

"पक्ष्यांसाठी आहे साहेब. उडत्या पक्ष्याचं पीस न् पीस दिसतं."

"आमचा पक्षी बसल्याला असतो," आप्पा म्हणाले आणि ती बाजूला झाली.

उरल्या दोन. एक तीनशेपर्यंतची, वापरलेली, दुसरीहून स्वस्त. दुसरी अडीचशेपर्यंतची, आणि तिच्यात हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय होती. माझा जीव तीनशेत अडकला होता, खोटं कशाला बोलू? मोठा आकडा आणि कमी किंमत, याच्यापुढे मी पहिल्यापासून दुबळी. आप्पांनी वाद घातला नाही. "हितंच थांब," म्हणाले, छत्री उचलली आणि दुकानाच्या पायरीपासून मोजत रस्ता ओलांडायला लागले. बाराव्या पावलाला एका रिक्षावाल्याने विचारलं, "काका, कुठं सोडू?" आप्पा परत पायरीपाशी आले. दुसऱ्यांदा निघाले. विसाव्या पावलाला ते समोरच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी पोचले आणि छत्री टेकवून ताठ उभे राहिले. तिथून ओरडले, "काढ!"

दुकानातल्या सावलीत उभी राहून मी दोन्ही लेन्सांनी त्यांना टिपलं. दुकानदारांनी ते फोटो मोठे करून दाखवले. तीनशेवाल्या फोटोत आप्पांना दोन मिश्या होत्या. माझा हात कापत होता आणि लेन्स त्याला सांभाळून घेत नव्हती. अडीचशेवालीत मिशी एकच होती, तिच्यातला केस न् केस दिसत होता, आणि मागचा रसवाला बघ्यासारखा तोंड उघडून उभा होता, तोही दिसत होता. आप्पा घाम पुसत आत आले. फोटो बघून म्हणाले, "मिशीला कलप लावल्याला दिसतोय का?" दुकानदार म्हणाले, "दिसतोय साहेब." "मग लेन्स चांगली हाय," आप्पा म्हणाले. मी अडीचशे घेतली.

आणि मग मी घाण केली.

दुसऱ्याच सकाळी मी चाळीजवळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या आडून, पन्नास फुटांवरून, आईचा फोटो काढला. फोटो असा आला की मला स्वतःचाच हेवा वाटला. आई हसतेय, डोळे मिटलेत, पदर खांद्यावर घसरलाय, तोंड डावीकडे झुकलंय आणि ते झुकणं त्या हसण्याचाच भाग वाटतंय. मी धावत जाऊन तिला दाखवला. ती बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल. तिने विचारलं, "कवा काढलास?"

"आत्ताच. ट्रॉलीमागून."

"चोरून?"

ती कांदे तसेच टाकून घरात गेली. संध्याकाळी नानांना म्हणाली, "मी लग्नाच्या दिशी मांडवातबी येत न्हाई. हितं घरात पोटची पोर चोरून फोटू काढती, तिथं तर दोनशे मोबाईल असतील." त्या दिवसापासून ती घरातसुद्धा, आम्हां तिघांसमोरसुद्धा, पदर तोंडाशी धरायला लागली. लग्नाला महिनाच राहिला होता. एका फोटोने होतं नव्हतं तेही घालवलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की कॅमेऱ्याच्या पिशवीकडे बघवेना.

आप्पांना सांगितल्यावर ते चिडतील असं वाटलं होतं. त्याऐवजी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एक मोजणी केली होती. शेजारच्या रानाची मालकीण एकटी म्हातारी, लेकीकडे गेलेली. तिला नोटीस पोचलीच नव्हती. साहेबांना घाई होती, म्हणून आप्पांनी उरकून टाकलं. म्हातारी परत आली तर रानाच्या कडेला नवा दगड रोवलेला.

"मोजनी बरोबर हुती," आप्पा म्हणाले. "पुढं दोनदा फेरमोजनी झाली. दोन्ही टायमाला दगड तिथंच आला. एक बोट हालला न्हाई. पन ती मरंपर्यंत म्हनत हुती, माझं रान चोरलं. आन् मला आजबी वाटतं, तिचंच खरं हुतं. तिला न इचारता झालं ना. मग बरोबर येऊन काय उपेग?" मग म्हणाले, "मी तुला अंतर मोजायला सांगितलं हुतं. लपायला न्हाई. तो फोटू आईसमोर पुसून टाक."

"आप्पा, इतका चांगला आलाय."

"म्हनूनच पुस."

मी पुसला. आई बघत होती. मला रडू येत होतं आणि तिला ते दिसू नये म्हणून मी मान खाली घातली होती. त्या रात्री ताटात वाढताना तिने मला भाकरीवर लोण्याचा गोळा वाढला. आमच्या घरात बोलणं पुन्हा सुरू होण्याची ती पहिली पायरी असते.

दोन दिवसांनी टपालाने आमच्या घरी एक पाकीट आलं. आईच्या नावाचं. आत आप्पांच्या वळणदार अक्षरात एक कागद होता. आईची शाळा सातवीपर्यंतची. ती ओट्यावर बसून बोट ठेवत मोठ्याने वाचायला लागली.

"नोटीस. अर्जदार यांनी आपल्या आईचा फोटो काढणेकामी अर्ज केला असून सदर काम येत्या पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी नऊ वाजता, कांदा चाळीपुढील लिंबाखाली, पन्नास फूट अंतरावरून करणेचे योजिले आहे. चेहऱ्याची चतुःसीमा पुढीलप्रमाणे: उत्तरेस कपाळ, दक्षिणेस हनुवटी, पूर्वेस डावा कान, पश्चिमेस उजवा कान. आपली काही हरकत असल्यास जागेवर हजर राहून सांगावी. आपण गैरहजर राहिल्यास..."

इथे आई थांबली. आमच्या कार्यालयाच्या नोटिशीत इथे 'काम पूर्ण करणेत येईल' असं असतं. आप्पांनी लिहिलं होतं, 'काम होणार नाही.'

आईने कागद उलटा केला, सुलटा केला. "पूर्वेला डावा कान?" ती म्हणाली आणि तिचे खांदे हलायला लागले. पदर तोंडाशीच होता, पण आवाज काही पदरात मावत नव्हता. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलं. नाना आतून विचारत राहिले, काय झालं, काय झालं. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं, मग शेजारच्या काकूला हाक मारून तिला वाचून दाखवलं. रात्री कागद घडी घालून देवाच्या फळीवर ठेवला. पण रविवारी हजर राहणार का, हे मात्र ती सांगेना. "बघू," एवढंच. पंधरा दिवस मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. रोज सकाळी मला वाटायचं, आज ती नाही म्हणेल.

त्या रविवारी आप्पा सकाळच्या एसटीने आले. आईने चहा ठेवला. "कामाच्या जागी घेत न्हाई," ते म्हणाले. आई म्हणाली, "मग काम झाल्यावर घ्या." "काम झाल्यावर तर आजाबात न्हाई," आप्पा म्हणाले आणि टेप पसरायला लागले. आई लिंबाखाली जाऊन बसली, चार बायाही बसल्या. मी पन्नास फुटांवर उभी राहिले, सगळ्यांना दिसेल अशी.

अर्धा तास गेला. काही जमेना. नोटीस दिल्यावर कोण विसरणार? आई माझ्याकडे बघत होती, पदर आवळत होती, बाया गप्प होत्या आणि कांदे निवडायचा वेग दुप्पट झाला होता. मी हताश होऊन आप्पांकडे बघितलं. ते बांधावर बसून डबा उघडत होते. "मोजनीला वेळ लागतो," म्हणाले.

इतक्यात आईने हातातला कांदा खाली ठेवला. "साहेब, माझी हरकत हाय."

आप्पा डबा टाकून उभे राहिले. "सांगा."

"ही एवढ्या लांबनं का काढती? मी काय बिबट्या हाय का?" बाया फिस्सकन हसल्या. आई माझ्याकडे वळली. "काढायचाच तर जवळ ये. तोंड माझं हाय, मला ठावं हाय कसं हाय ते. लांबनं काढून ते काय सरळ हुनार हाय?"

"जवळ म्हंजे किती फूट?" आप्पांनी विचारलं.

"ये म्हनावं तिला, मी सांगते कुठं थांबायचं ते."

मी निघाले. आप्पा माझ्या बाजूने पावलं मोजत चालले. चाळीस फुटांवर आई म्हणाली, "आजून." मी लेन्सचं कडं थोडं मागे फिरवलं. तीसवर म्हणाली, "आजून." पंचवीसच्या जवळपास काकूने आप्पांना विचारलं, "साहेब, लेकरंबाळं किती तुमाला?" आप्पा थांबले. त्यांनी मागे बघितलं. मग मुकाट्याने वळून पन्नास फुटांपर्यंत परत गेले आणि पहिल्यापासून चालायला लागले.

आईला हे माहीत नव्हतं. "आवो, काय इसरलं का?" तिने विचारलं.

आप्पा पुन्हा थांबले. पुन्हा वळले.

मग मात्र आईला राहवेना. ती हसायला लागली, आधी तोंड मिटून, मग उघडून, मग पदराचा हातच मांडीवर आपटून. मी तोवर बारा फुटांवर पोचले होते. तिने मला बघितलं, कॅमेरा बघितला, हसतच म्हणाली, "थांब तिथं. काढ." लेन्सचं कडं सत्तरच्या आकड्यापाशी आलं होतं. मी काढला. इतके दिवस मी तिच्या विसरण्याचं अंतर मोजत होते, पन्नास फूट. तिच्या परवानगीचं अंतर बारा फूट निघालं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिने तो फोटो बराच वेळ पाहिला. डोळे बारीक करून, बोटाने मोठा करून.

"वाकडं हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन मीच हाय."

आप्पा दुपारच्या एसटीने परत गेले, चहा न घेता. लग्नाच्या आधीच त्यांची बदली अकोले तालुक्यात झाली. तिकडे राजूरच्या बाजूला सगळे डोंगर. चढावर पाऊल आखडतं, उतारावर लांबतं, त्यामुळे ते फोनवर वैतागलेले असतात. तरी परवा म्हणाले, "चढाचं पाऊल बसवत आनलंय. एक फूट दहा इंच." माझी लेन्स आता कुठल्या कुठे फिरते. वस्तीवरच्या दोन बायांनी, ज्या फोटोला कधी उभ्या राहत नव्हत्या, मला विचारलं, "आमाला नोटीस कवा धाडतीस?" मी त्यांना रीतसर धाडली. चतुःसीमेसकट.

लग्न वैशाखात झालं. ऊन मी म्हणत होतं, मांडवात पंखे नुसतेच आवाज करत होते. सकाळपासून आई जेवणाच्या बाजूलाच होती. फोटोत उभी राहणार का, हे तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सुप्याहून आलेल्या फोटोवाल्याने घरच्यांना हाक मारली, तेव्हा धाकटी नवऱ्याशेजारी उभी होती आणि तिची नजर स्वयंपाकाच्या मांडवाकडे लागली होती. नाना गेले. मी गेले. मग हात पुसत आई आली आणि धाकटीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. धाकटीने तिचा दंड घट्ट धरला.

फोटोवाला भला माणूस होता. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं, मान बाहेर काढली आणि हळूच म्हणाला, "मावशी, जरा डावीकडं वळा. उजव्या अंगानं बरं येईल."

आई क्षणभर वळली. मग परत समोर झाली.

"न्हाई," ती म्हणाली. "समोरनंच घ्या."

"मावशी, मी काय म्हनतो, त्या बाजूला जरा..."

"दिसू द्या की." तिने पदर खांद्यावरून मागे सारला. "काढा."